दुखण्याला नेमका शब्द

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी कविता दोनदा वाचली. तिच्यात 'वेदना' हा शब्द सात वेळा आलाय, आणि तरी तुला कुठे नि कसं दुखतं ते मला कळलं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या पहिल्या वहीतही तो पानोपानी होता.

आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत बघ. दात ठणकतो, काटा सलतो, गळू ठुसठुसतं. पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, पायात गोळे येतात, डोळे चुरचुरतात, तापाआधी अंग कसकसतं. यातला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीसुद्धा अशाच ७८ शब्दांवर उभी आहे. तुझा शब्द शोध. तो सापडला की कवितेलाच नाही, तुझ्या डॉक्टरांनाही उपयोगी पडेल. रात्री पायाच्या अंगठ्याला चादरीचं ओझं सोसत नसेल, तर चादरीवर लिही.

चित्राचं थोडं वेगळं आहे. तिथे आजार नुसता विषय होत नाही, तो हातातच उतरतो. संधिवातामुळे सकाळी माझी बोटं मिटत नाहीत. बारीक ब्रश निसटायचा, तेव्हा त्याच्या दांडीला जुनं बँडेज गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड केली. नाजूक रेघ गेली ती गेलीच. वर्षभर मी तिच्यासाठी हळहळले. आता जी रेघ येते ती जाड आहे, मध्येच अडखळते, पण माझी आहे.

पाउल क्ले यांची शेवटची चित्रं जरूर बघ. १९३५ मध्ये त्यांचा आजार सुरू झाला. त्वचा कडक होत जाणारा तो स्क्लेरोडर्मा असावा, असं पुढे मानलं गेलं. त्या काळात त्यांच्या रेषा ठसठशीत, काळ्या झाल्या. १९३९ या एका वर्षात त्यांनी बाराशेहून जास्त चित्रं केली, हे सगळे कौतुकाने सांगतात. मला मात्र १९३६ जवळचं वाटतं. त्या वर्षी जेमतेम २५ झाली होती. तुझा महिना कोरा गेला की ते वर्ष आठव.

म्हणून रोज काढायचंच, असा नेम करू नकोस. उशाशी पोस्टकार्डाएवढे कागद आणि एक मऊ पेन्सिल ठेव. दहा मिनिटांचं बळ असेल तर दहा मिनिटांचंच चित्र काढ. आणि कोणी 'चित्रं काढ, बरं वाटेल' म्हणालं, तरी गोळ्यांची वेळ चुकवायची नाही. चित्र औषधाचं काम करत नाही.

मनगट भरून आलंय, आता थांबते. कविता पुन्हा लिहिलीस की पाठव. उशीर झाला तरी चालेल.

तुझी,
मावशी