फोन किंवा स्पीकरसोबत मिळणारं 'अनलिमिटेड म्युझिक' खरंच फुकट असतं का?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात फोन बघताना "गाणी फुकट, अनलिमिटेड" असं सांगितलं, त्यासाठी महागडं मॉडेल घ्यावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत: नको भावा. फोन आवडला तर घ्या, गाण्यांसाठी शंभर रुपयेही जादा देऊ नका.

गाण्यांच्या कंपन्या पदरचं काही देत नसतात. फोनवाला त्यांना पैसे मोजतो आणि ते किमतीत मुरवतो. नोकियाने २००८ साली ब्रिटनमध्ये 'कम्स विथ म्युझिक' आणलं ते याच हिशेबावर. वर्षभर हवी तेवढी गाणी उतरवा, मुदत संपली तरी ठेवा. ऐकायला झकास! पण फाइलला कुलूप होतं. ठरलेल्या फोनवर आणि संगणकावरच ती वाजायची, मित्राला देणं विसराच. २०११ मध्ये बहुतेक देशांत योजना गुंडाळली.

हल्ली तर फाइलही हातात येत नाही. सबस्क्रिप्शन संपलं की ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेली गाणी मुकी. त्यातून कार्डाचा नंबर आधीच मागितला, तर मुदतीनंतर आपोआप पैसे कापले जाऊ शकतात. ऑफर किती महिन्यांची आहे ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

घरच्या थोरल्यांसाठी घेत असाल तर सारेगामा या गाण्यांच्या कंपनीचा कारवां हा रेडिओसारखा दिसणारा स्पीकर बघा. २०१७ साली आला, मूळ हिंदी मॉडेलमध्ये ५००० गाणी आतच भरलेली. पासवर्ड नाही, गगनबावड्याकडे रेंज गेली तरी अडत नाही. मराठी कारवां वेगळा येतो, खोक्यावरचं नाव वाचूनच घ्या.