परदेशातले एक सत्र आणि बडोद्यातला वर्ग

प्रश्न : मी बडोद्यात बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. विद्यार्थी-देवाणघेवाणीतून फिनलंडमधील यूवास्कूला येथे एक सत्र शिकण्याची संधी मला मिळत आहे. पन्नास मुलांच्या वर्गात शिकवायचे असताना त्या श्रीमंत देशाचा उपयोग काय, असे बाबा विचारतात. आत्या तर ‘शिकायला चाललीस की फिरायला?’ असे म्हणते. आपण तेथे राहिला आहात, म्हणून विचारते.
— एक छात्राध्यापिका, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : तुमच्या वडिलांची शंका मला मुळीच गैर वाटत नाही. मी तेथे होते तेव्हा पहिले काही आठवडे ‘हे आपल्याकडे शक्य नाही’ एवढेच वेगवेगळ्या शब्दांत वहीत लिहीत होते. पंचेचाळीस मिनिटांचा तास झाला की पंधरा मिनिटांची सुटी, बाहेर बर्फ असले तरी मुले पटांगणात. दुपारचे जेवण सर्वांना मोफत, तेही 1948 पासून. प्राथमिक शाळेत मुले बूट काढून मोज्यांवर वावरत, तेवढी एक गोष्ट घरची वाटली.

नंतर विद्यापीठाच्या सराव शाळेत पाठांचे निरीक्षण सुरू झाले. तास फिनिश भाषेत चाले आणि मला त्यातले काहीच कळत नसे. त्यामुळे शिक्षकाकडे पाहण्याऐवजी मी नाइलाजाने मुलांचे हात आणि चेहरे पाहू लागले. पाठ संपल्यावर मार्गदर्शक बाई छात्राध्यापकाशी बोलत आणि मग मला इंग्रजीतून सांगत, की त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘अमुक मूल कुठे अडले?’ असाच असतो. एका मुलाच्या अडण्यावर अर्धा तास चर्चा चाले. आपल्याकडच्या सराव पाठात प्रस्तावना, फलकलेखन, आवाजातील चढउतार असे सगळे तपासले जाते, म्हणजे तपासणी होते ती शिक्षकाची, आणि शेरा लिहून झाला की निरीक्षक पुढच्या वर्गाकडे वळतात. परत आल्यावर माझ्या वर्गात चोपन्न मुले होती; रोज त्यांतल्या फक्त दोघांविषयी, ती कुठे अडली याची चार ओळींची नोंद मी करू लागले. त्याला पैसा लागत नाही आणि वर्ग लहान असण्याचीही अट नाही, हे बाबांना अवश्य सांगा.

आत्यांच्या प्रश्नाचे उत्तर बडोद्यातच आहे. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच वर्षी ते अमेरिकेत गेले, आणि तेथील ग्रंथालये पाहिल्यावर 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बडोद्यात आणले. तुम्ही जाणार त्या यूवास्कूलाची कथाही फारशी वेगळी नाही. फिनलंडमधील शिक्षणतज्ज्ञ ऊनो सिग्नेउस जर्मनी, स्वित्झर्लंड आदी देशांतील शाळा पाहत हिंडले, आणि 1863 मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तेथे फिनिश भाषेतून शिक्षक घडवणारी पहिली अध्यापक-शाळा सुरू झाली. हस्तकला हा शाळेचा विषय व्हावा हा त्यांचा आग्रह होता, आणि आजही तेथील मुलगे व मुली दोघेही शाळेत लाकूडकाम व शिवणकाम शिकतात. मला हा विषय आधी शोभेचा वाटला होता. एका रविवारी जवळच्या पेतायावेसी गावातले अठराव्या शतकातले लाकडी चर्च पाहिले, ज्याची नोंद 1994 पासून जागतिक वारसा यादीत आहे. गावाच्या सुतारकामावर उभी राहिलेली ती वास्तू पाहिल्यावर पुढच्या आठवड्यात हस्तकलेच्या तासाला करवत धरलेली मुले मला वेगळी दिसली. तेव्हा फिरण्याबद्दल संकोच नको. मात्र दर शनिवार-रविवारी नवी राजधानी गाठण्याचा जो हव्यास देवाणघेवाणीच्या विद्यार्थ्यांमध्ये असतो, तो टाळा.

हिवाळ्याची कल्पना असू द्या. डिसेंबरात तेथे दुपारी तीनच्या आधीच सूर्य मावळतो आणि मन उगाच खचते. विद्यापीठाच्या भोजनगृहात शाकाहारी पदार्थ असतात, त्याची काळजी नको.

खरी काळजी आंतरवासितेची, म्हणजे शाळेत राहून करायच्या प्रत्यक्ष सरावाची. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये वीस आठवड्यांचा शाळानुभव सक्तीचा आहे. परदेशातील निरीक्षण त्यात धरले जाईल असे गृहीत धरू नका. तेथे कोणते विषय घेणार, त्यांचे श्रेयांक (क्रेडिट) येथे कसे मोजले जातील आणि राहिलेले आठवडे कधी पूर्ण करायचे, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. ते पत्र हाती येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नका.