रोज क्षमा मागूनही मन कोरडंच का राहतं?

तुम्ही विचारलंय, एका जुन्या चुकीबद्दल रोज प्रार्थनेत क्षमा मागता तरी आतून कोरडंच वाटतं. मग देवाने क्षमा केलीच नाही का? मी सहा वर्षं अशीच काढली आहेत, म्हणून लिहिते.

आई गेल्यावर तिच्या दोन पाटल्या मी ठेवून घेतल्या आणि ताईला सांगितलं की दवाखान्याच्या खर्चात मोडल्या. तेव्हापासून प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत चर्चमध्ये भाकर वाटतात त्या दिवशी, भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं की मी न घेता ते तसंच पुढे द्यायचे. रोज रात्री ‘प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर’ म्हणायचे. पाटल्यांचं नाव मात्र प्रार्थनेत एकदाही घेतलं नाही.

बायबलमधलं स्तोत्र 51, दावीद राजाची क्षमेची प्रार्थना, पुन्हा वाचा, पण 2 शमुवेल 11 आणि 12 वाचून झाल्यावर. दाविदाने आपला सैनिक उरीया याची बायको घरी आणवली, उरीयाला लढाईत मारवलं आणि मूल जन्मेपर्यंत तो गप्प राहिला. नाथान संदेष्टा तोंडावर बोलला तेव्हा कुठे ‘मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं’ एवढंच त्याच्या तोंडून निघालं. नाथानाने लगेच, तिथल्या तिथे सांगितलं की परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. आधी मन हलकं होऊ दे, मग क्षमा, असं काही नव्हतं. परिणाम मात्र टळले नाहीत, ते मूल गेलं. हे मला आजही जड जातं.

स्तोत्रात दावीद शुद्ध हृदय मागतो. तिथे मूळ इब्रीत ‘बारा’ हे क्रियापद आहे, उत्पत्तीच्या पहिल्या वचनात देवाने आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली असं सांगताना येतं तेच. जुनं मन घासूनपुसून दे, असं तो त्या ओळीत म्हणत नाही. मी सहा वर्षं घासतच बसले होते.

ज्या रात्री ‘मी ताईशी खोटं बोलले, आईच्या पाटल्या माझ्या कपाटात आहेत’ असं मोठ्याने देवाला सांगितलं, त्या रात्री मी शांत झोपले. पाटल्या परत केल्या त्या नंतर. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराचंही तसंच झालं. प्रभू येशू आधी त्याच्या घरी उतरला. लुबाडलेलं चौपट परत करीन हे जक्कय मागाहून बोलला. ताईने पाटल्या घेतल्या, चहा केला आणि पुढचे पाच महिने माझ्याशी बोलली नाही. तिचा राग खरा होता. देवाची क्षमा मिळाली म्हणून तिनेही लगेच करावी, असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार?

तुम्ही कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला, म्हणजे फादरजवळ पाप कबूल करायला, जा. तिथे सांगितलेलं फादर कधीच कोणाला सांगू शकत नाहीत. आमच्यासारखे प्रोटेस्टंट असाल तर पाळकसाहेबांना किंवा भरवशाच्या एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासूला गाठा. त्याआधी आज रात्री दार लावून ती एक गोष्ट तिच्या नावानिशी देवाला सांगा. डोळ्यांत पाणी नाही आलं तरी सांगा.