लेकीचं लग्न कायद्यात बसतं, धर्मात बसत नाही म्हणतात

ताई, आम्ही मूळचे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, आता टोरांटोजवळ असतो. थोरली लेक तिच्या मैत्रिणीशी लग्न करणार आहे. आम्हा दोघांना ते पचायला वेळ लागला, पण आता आम्ही तिच्या बाजूने आहोत. कोल्हापुरात थोरले दीर म्हणतात, "तिकडचा कायदा काय म्हणायचं ते म्हणू दे, आपल्या धर्मात हे लग्नच नव्हे. अंबाबाईची ओटी भरायला त्या दोघींना आणू नका." सासूबाईंना तर आम्ही काहीच सांगितलेलं नाही. काय करावं?
– एक आई

आधी सासूबाईंना सांगा, आणि तुमच्या यजमानांनीच सांगा. नातीचं लग्न त्यांना बाहेरच्या माणसाकडून कळलं, तर त्यांना लग्नापेक्षा तुमच्या लपवण्याचा जास्त त्रास होईल.

आता दिरांचं म्हणणं. लग्नाला धर्माची मान्यता आणि राज्याची मान्यता या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॅनडाने २००५ साली समलिंगी विवाह देशभर कायदेशीर केला, तेव्हा त्याच कायद्यात हेही लिहिलं की ज्या धर्मगुरूंच्या श्रद्धेला हे पटत नाही, त्यांना असं लग्न लावायची सक्ती नाही. म्हणजे कुणा गुरुजींनी नकार दिला तर तो त्यांचा हक्क. पण त्या नकारामुळे तुमच्या लेकीचा वारसाहक्क किंवा दवाखान्यात जोडीदाराजवळ बसायचा हक्क जाऊ नये, यासाठी कायदा असतो. मला ही मांडणी न्याय्य वाटते.

आणि हे कोल्हापूरकरांना नवं वाटायचं कारण नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा आणि १९१९ मध्ये आंतरजातीय, आंतरधर्मीय विवाहाचा कायदा संस्थानात केला. धर्म बुडाला अशी ओरड तेव्हाही झाली. त्या कायद्यांचा समलिंगी विवाहाशी संबंध नव्हता, महाराजांच्या तोंडी आपलं मत घालू नये. पण कुणाचं लग्न ग्राह्य धरायचं हे एकट्या धर्मपीठाने ठरवायचं नाही, ही गोष्ट आपल्या गावाने शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहे.

म्हणून विधींना किंमत नाही असं मी म्हणणार नाही. वेदोक्त प्रकरण आठवा. राजघराण्यातले विधी वेदांतल्या मंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला, त्यावरून महाराज वर्षानुवर्षं भांडले, कारण तो मानाचा प्रश्न होता. पुढे त्यांनी मराठा पुरोहितच तयार केले. तुमच्या लेकीला अंतरपाट, अक्षता, सप्तपदी हवी असेल तर ती हौस म्हणून उडवून लावू नका. मनापासून लग्न लावतील असे गुरुजी शोधा. नाहीच मिळाले तर घरातल्या जाणत्या बाईने मंगलाष्टकं म्हणावीत. नाराज माणसाला दक्षिणेच्या जोरावर मात्र उभं करू नका.

भारतात चित्र वेगळं आहे, ते मुलींना स्पष्ट सांगा. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच २०१८ मध्ये संपला, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, तो निर्णय संसदेचा असं म्हटलं. त्यामुळे कॅनडातलं लग्न इथे लग्न म्हणून धरलं जाणार नाही आणि वारसाहक्क आपोआप मिळणार नाही. लेकीच्या नावावर इथे काही असेल तर तिला मृत्युपत्र करायला लावा. बँकेत जोडीदारासोबत संयुक्त खातं काढायला आणि तिला नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. गावाकडे उसाची जमीन असेल तर आधी इथल्या वकिलाला भेटा, महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याच्या नावावर शेतजमीन करायला बंधनं आहेत.

राहिली ओटी. अंबाबाईची ओटी भरायला थोरल्या दिरांची परवानगी लागत नाही. दोघींना घेऊन या, नेहमीसारख्या रांगेत उभ्या राहा. दिरांना फोन करून तारीख कळवा, पत्रिका पाठवा, पण त्यांच्या होकारावर लग्नाचा मुहूर्त अडवू नका. त्यांनी घरी उतरू दिलं नाही तर हॉटेलात उतरा, आणि सासूबाईंना भेटायला रोज जा.