सराव सामन्यांवरून संघाचा अंदाज बांधताना

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची गोडी तुम्हाला लागली, याचा मनापासून आनंद झाला. सराव सामने पाहून संघ कसा जोखायचा, असे तुम्ही विचारलेत. मार्चमध्ये हंगाम सुरू होण्यापूर्वीच्या सराव सामन्यांचे गुण तक्त्यात धरले जात नाहीत आणि प्रशिक्षक त्यांत नवख्या खेळाडूंना आजमावत असतात. त्यामुळे केवळ निकालावरून संघ जोखणे ही पहिली चूक ठरते.

सुरुवातीला दोनच गोष्टी पाहा.

१. मैदानावर कोण होते? शेवटच्या सत्रात प्रमुख खेळाडूंना बहुधा विश्रांती दिलेली असते, म्हणून मी पहिल्या दोन सत्रांनाच वजन देतो.

२. क्रिकेटच्या धावफलकाप्रमाणे नुसती बेरीज न पाहता गुण फोडून वाचा. गोलला ६ गुण, बिहाइंडला (थोडक्यात हुकलेल्या गोलला, म्हणजे चेंडू मधल्या खांबांऐवजी त्यांच्या बाजूच्या खांबांमधून गेल्यास) १. समजा, १० गोल आणि ४ बिहाइंड करणारा संघ ६४–५४ असा जिंकला. पण हरलेल्या संघाचे ७ गोल आणि १२ बिहाइंड असतील, तर संधी त्यानेच अधिक निर्माण केल्या. नेमबाजी सुधारता येते, संधीच न मिळणे हे खरे दुखणे.

घाईने कोणालाही मोडीत काढू नका. २०२४ मध्ये ब्रिस्बेन लायन्स हा संघ खऱ्या हंगामातले पहिले तिन्ही सामने हरला होता आणि सप्टेंबरमध्ये अंतिम सामन्यात सिडनीला ६० गुणांनी हरवून तोच विजेता ठरला. बारीक आकडेवारीकडे पुढच्या वर्षी वळा.