वन्यप्राण्यांच्या अभ्यासाचा पार्किन्सन, अल्झायमरसारख्या आजारांवर खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलीला प्राणिशास्त्रात पीएचडी करायची आहे आणि घरचे म्हणतात, "सरडे आणि खारी बघून कुणाचा मेंदू बरा होणार?" हेच वाक्य मी बडोद्याला, दांडिया बाजारातल्या आमच्या घरात कित्येक वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

उपयोग होतो. मुलीला करू द्या.

अण्णांना पार्किन्सन होता. सुरुवात उजव्या हातापासून झाली. अंगठा आणि तर्जनी सारखी एकमेकांवर फिरायची, देवापुढे बसून वाती वळाव्यात तशी. मग सही बारीक होत गेली, पेन्शनच्या कागदावर आडनावाची शेवटची अक्षरं मुंगीएवढी यायची. लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाचा, गुण येत होता, पण गोळीचा अंमल उतरला की उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटायचे.

एका जानेवारीत दादा कच्छहून बाटली घेऊन आला. गुजराती पेपरात गुंडाळलेली, आतलं पिवळट तेल थंडीने अर्धं गोठलेलं. सांड्याचं तेल. रोज रात्री चोळा, महिन्यात कंप जातो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं.

मी इथल्याच विद्यापीठात प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं. आमच्या विभागात पालीच्या शेपटीवर खूप वर्षं काम चालत आलंय, मीही तेच केलं. तुटलेली शेपूट परत येते, पण नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते. मज्जारज्जू वाढतो तोही अर्धामुर्धा. हे का होतं, यात मी दोन वर्षं घातली. त्यामुळे सांडा म्हणजे काय, ते मला सांगायला नको होतं. कच्छ-राजस्थानच्या कोरड्या माळावर बिळात राहणारा, गवत-पाला खाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा सरडा. पकडल्यावर पळू नये म्हणून त्याचं कंबरडं मोडतात, तसंच जिवंत ठेवतात आणि मग शेपटीतली चरबी वितळवतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे. आणि त्या तेलात काय असतं? साधी चरबी.

मी बाटली उचलली, दादाने ती हातातून काढून घेतली. "दोन वर्षं पालींच्या शेपट्या तोडल्यास, त्याने अण्णांचा हात थांबला का? मी निदान काहीतरी आणलंय." अण्णा समोरच होते, हात मांडीखाली दाबून बसलेले. मला शब्द सुचला नाही. पुढे दीड महिना वहिनीने तेल चोळलं. हात होता तसाच राहिला.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते. अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटात हीला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो, वर्षातून मोजक्या वेळाच खाणारा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे संशोधक जॉन एंग यांना त्याच्या विषात एक हार्मोन सापडलं. आपल्या शरीरातलं तसलंच हार्मोन काही मिनिटांत संपतं, हे तासन्तास टिकतं. 2005 मध्ये त्याचं कृत्रिम रूप मधुमेहावर औषध म्हणून मंजूर झालं. त्यासाठी एकाही सरड्याचं कंबरडं मोडावं लागत नाही. मग लंडनच्या डॉक्टरांनी तेच पार्किन्सनवर तपासलं. 2017 मध्ये 62 रुग्णांवर आशा दिसली. 2025 मध्ये 194 रुग्णांवर, 96 आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला: काही फरक नाही.

बातमी वाचून दादाचा फोन आला. "तुझ्या सरड्यानेही काही झालं नाही ना?" नाही झालं. पण ते मोजून कळलं. काहींना खरं औषध, काहींना तसंच दिसणारं खोटं इंजेक्शन, आणि कुणाला काय मिळालं हे ना रुग्णाला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. सांड्याचं तेल पिढ्यानपिढ्या विकलं जातंय, त्याचा असा हिशेब कुणी एकदा तरी मागितला का?

अल्झायमरचं विचारलंत. त्यात टाऊ नावाच्या प्रथिनावर जादा फॉस्फेट चढतं आणि मेंदूच्या पेशींत गुंते होतात. युरोपातली बिळात राहणारी एक खार शीतनिद्रेत, म्हणजे थंडीतल्या लांब झोपेत, गेली की तिच्याही मेंदूत टाऊवर तसंच फॉस्फेट चढतं, पेशींमधले जोड कमी होतात. जाग आली की फॉस्फेट उतरतं आणि जोड पुन्हा जुळतात. 2003 मध्ये हे छापून आलं. माणसात जे चढतं ते उतरत नाही, खारीत उतरतं. ते कसं, हे खारीलाच विचारावं लागेल, आणि विचारायला कुणीतरी तिचा अभ्यास केलेला असावा लागतो. (आमच्या बडोद्याच्या कमाटीबागेतली खार शीतनिद्रा घेत नाही, ती वेगळी.)

एक राहिलं. देशी उपाय सगळेच खोटे, असं मी म्हणत नाही. खाजकुयलीच्या बियांत खुद्द लेव्होडोपाच असतं. म्हणूनच घरात कुणी रुग्ण असेल तर चालू गोळ्यांवर तिचं चूर्ण न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय देऊ नका, मात्रा दुप्पट होऊन बसते. आणि मुलीच्या पीएचडीतून औषध निघेल असं कुणाला कबूल करू नका. पाच-सहा वर्षांत एक लहानसा प्रश्न सुटला तरी पुष्कळ.

फेलोशिपबद्दल विचारलंत, तर आधी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊ द्या. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली की दर महिन्याला पैसे येतात, घरच्यांचा निम्मा विरोध तिथेच मावळतो. आमच्याकडे तरी मावळला असता, मी ती परीक्षा दिली असती तर.