गरीब घरातल्या मुलांचा मेंदू लहान राहतो, हे खरं आहे का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही तीन घरी पोळ्या करता, यजमानांची भाजीची लारी (हातगाडी) आहे, लेक दीड वर्षाची आणि दिवसभर सासूबाईंपाशी असते. त्यात कुणीतरी फोनवर पाठवलं की गरिबाघरच्या मुलांचा मेंदूच लहान राहतो. पाठवणाऱ्याने अर्धंच वाचलेलं दिसतंय.

मी डॉक्टर नाही. इथे वडोदऱ्यात सयाजीराव विद्यापीठात बालविकास शिकले आणि पुढे बावीस वर्षं बालवाडीत काढली, त्या जोरावर सांगते.

असे संदेश बहुधा एका अमेरिकन अभ्यासावरून फिरतात. किंबर्ली नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१५ साली छापला. ३ ते २० वर्षांच्या १,०९९ जणांच्या मेंदूचे एमआरआय घरच्या कमाईशी ताडून पाहिले. मेंदूच्या वरच्या थराला घड्या असतात; त्या उलगडून पसरल्या तर जेवढी जागा भरेल, तिचा कमाईशी संबंध दिसला. भाषा आणि वाचन सांभाळणाऱ्या भागांत तो जास्त होता. इथपर्यंत संदेश बरोबर. पण तळाच्या घरांत कमाईच्या थोड्या फरकाबरोबर मेंदूतही बराच फरक दिसत होता, आणि वरच्या घरांत तेवढ्याच पैशाने फारसं काही हलत नव्हतं. आमच्या अलकापुरीसारख्या श्रीमंत वस्तीतल्या बंगल्यात महिन्याला दोन हजार जास्त आले तर तिथल्या बाळाला पत्ताही लागणार नाही, तुमच्याकडे लागेल. शिवाय हे सगळं सरासरीचं बोलणं. घरच्या पगारावरून एका मुलीचा मेंदू सांगता येत नाही.

पैसा काही थेट डोक्यात जात नाही. तो रक्तातून जातो, झोपेतून जातो, घरातल्या चिंतेतून आणि बोलण्यातून जातो. त्यातलं रक्ताचं आधी सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

वाडीतल्या आमच्या बालवाडीत एक मुलगा यायचा. आई घरी खाखरे लाटायची. हा कोपऱ्यात बसून भिंतीचा चुना खरवडून खायचा, कुणात मिसळायचा नाही. आम्ही बायांनी त्याला ‘मंद’ ठरवून टाकलं होतं, मीसुद्धा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सातच्या आत. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं आणि दिवसातून दोनदा मिळणारा दुधाचा चहा बंद करायला सांगितला. चार-पाच महिन्यांनी पोरगं ठोकळ्यांसाठी भांडायला लागलं. भांडण सोडवताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता! मज्जातंतूंवर वेष्टण चढायला लोह लागतं, लक्ष आणि उत्साह टिकवणारी रसायनं तयार व्हायलाही लागतं. पहिल्या दोन वर्षांतली कमतरता लांबली तर तिची खूण मागे राहू शकते, म्हणून घाई करायची. आणि हे फक्त गरिबांचं दुखणं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधली ६ ते ५९ महिन्यांची जवळजवळ ८० टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली.

आता बोलण्याचं. ‘बाळाशी भरपूर बोला, त्याला कुठे पैसे पडतात?’ असं शिकलेली माणसं फार सहज सांगतात. मला राग येतो. चार तास ओट्याशी उभं राहून आलेल्या बाईला बोलायलाही जीव लागतो. पण यात एक सोय आहे. २०१८ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात चार ते सहा वर्षांच्या मुलांवर काम झालं. कानावर किती शब्द पडले यापेक्षा, मूल काहीतरी म्हणालं आणि मोठ्याने त्याला उत्तर दिलं अशा फेऱ्या किती झाल्या, याच्याशी मेंदूच्या भाषेच्या भागातली हालचाल जास्त जुळली; घरची कमाई बाजूला काढूनही. मग तासभर बडबड कशाला? ती ‘बॉ’ म्हणाली की ‘बॉल? कुठंय बॉल?’ एवढं पुरे, कणीक मळतानाही होतं. सासूबाई अर्धं मराठी अर्धं गुजराती बोलत असतील तर बोलू दे, दोन भाषांनी मूल बिघडत नाही. फक्त दिवसभर चालू राहणारा टीव्ही बंद करा, तो कुणाला उत्तर देत नाही.

जमैकात किंग्स्टनला १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली होती. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं आठवड्याला तासभर जायची आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आईला मुलाशी खेळायला शिकवायची. वीस वर्षांनी ती मुलं, अशी भेट न मिळालेल्या खुंटलेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमवत होती. उलट अमेरिकेत गरीब आयांना दरमहा ३३३ डॉलर नुसते रोख देऊन पाहिले: मुलं वर्षाची असताना मेंदूच्या लहरींत फरक वाटला, चार वर्षांची होईतो तो दिसेनासा झाला. पैसे नकोत असं मी म्हणत नाही. घरभाड्याची धास्ती गेली तरच आईला मुलाकडे बघायला सवड होते.

अंगणवाडीत लेकीचं नाव नसेल तर या आठवड्यात घाला. तिथून मिळणारी बालशक्ती या पोषक आहाराची पाकिटं सगळ्या घराच्या पिठात मिसळू नका, ती तिचीच. लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एक मिली, ते ममता दिवसाला, म्हणजे अंगणवाडीतल्या लसीकरण-तपासणीच्या दिवशी, मागून घ्या, आणि हिमोग्लोबिन एकदा तपासा. तिच्या वाढीबद्दल शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विकासाची चाचणी करायला सांगा. आपल्याच विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी वडोदऱ्याच्या बाळांना पाहून अशी मोजपट्टी बसवली होती, म्हणजे ताडायला अमेरिकेतलं बाळ नको.

ती माती किंवा चुना खाते का, तेवढं मात्र खाली लिहा.